न कळवता जा, वरचेवर जा

पोरी, वहिनीचा, म्हणजे तुझ्या आईचा, फोन आला होता. तुझ्या दादासाठी निवासी संस्था बघायला लागलात, एवढं म्हणाली आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही. तिला सांग, आत्याला कळलं. उभी हयात मी अशाच एका घरात गृहमाता म्हणून काढली. सगळी मोठ्या वयाची माणसं: कुणी बौद्धिक अक्षम, कुणी व्हीलचेअरवर, कुणाला दोन्ही, वर फिटचा त्रास. लोक मला विचारतात, चांगली संस्था कुठली? अगं, तयार चांगली संस्था मिळण्याचं नशीब थोड्यांचं. मिळालेली संस्था चांगली ठेवावी लागते आणि ती ठेवतात तिथे येणारे-जाणारे. माझ्या सगळ्या सांगण्याचं मूळ एवढंच आहे. वही घेऊन बस. फोनवर तू "हो हो आत्या" म्हणतेस आणि भाजी परतायला जातेस, मला ठाऊक आहे.

आधी घर बघण्याचं सांगते.

१. एकदा फोन करून जा आणि एकदा न कळवता जा — कळवून गेलं की संस्था दिसते, न कळवता गेलं की घर दिसतं.

२. न कळवता जायची वेळ संध्याकाळी सात ते नऊ अशी धर — दिवसा शिक्षक, फिजिओ, कार्यशाळेच्या बाई अशी वर्दळ असते. दिवेलागण झाली की सांभाळणारी मावशी आणि तिच्या वाट्याला आलेली माणसं, एवढीच उरतात.

३. "रात्री ड्यूटीवर किती जण?" असं विचारू नकोस, "रात्री जागं कोण असतं?" असं विचार — ड्यूटी हजेरीपुस्तकात असते. पण फिट रात्री येते, कूस रात्री बदलावी लागते आणि पलंगावरून कुणी घसरलं तर तेही रात्रीच.

४. नाक उघडं ठेव. लघवीचा थोडा वास आला तर लगेच तोंड वाकडं करू नकोस, इतकी माणसं राहतात तिथे सकाळच्या पारी येणारच. पण फिनाईलचा डोळे चुरचुरवणारा भपका आला तर थांब — ताजा वास आजचा असतो, दाबलेला वास रोजचा.

५. बाथरूम आत शिरून बघ. व्हीलचेअर वळते का, कमोडशेजारी धरायला दांडी आहे का, लादी ओली असताना पाय टिकतो का? आणि दाराला आतून लागणारी, वेळ पडलीच तर बाहेरून उघडता येणारी कडी आहे का — पस्तिशीच्या बाप्या माणसाने दार सताड उघडं टाकून आंघोळ का करावी?

६. दोरीवर वाळणारे कपडे न्याहाळ, प्रत्येकावर नाव किंवा खूण शिवलेली हवी — जिथे कपड्यांचा एकच ढीग असतो आणि हाताला येईल ते ज्याच्या त्याच्या अंगात जातं, तिथे उद्या गोळ्यांचंही तसंच होईल.

७. ऑफिसात चहा देतील, तो पी. मग जेवणाच्या वेळेपर्यंत काहीतरी निमित्त काढून रेंगाळ आणि ताट बघ — फळ्यावर लिहिलेली उसळ ताटात शोधावी लागते.

८. मावशीला विचार, इथे किती वर्षं झाली. पगार वेळच्या वेळी होतो का तेही हळूच काढून घे — दर चार महिन्यांनी नवी मावशी आली तर दादाला दर चार महिन्यांनी कुणीतरी नव्याने शिकायचं. मावशी टिकली तर घर टिकलं.

९. ती वाढताना कुणाशी बोलते ते कान देऊन ऐक — पानावर बसलेल्यांशी बोलत असेल तर निम्मं काम झालं. त्यांच्या डोक्यावरून दुसऱ्या मावशीशी गप्पा चालल्या असतील तर बाकीची चकचकीत फरशी माझ्या हिशेबी शून्य.

१०. लांबचं, निसर्गरम्य, झाडीतलं घर बघून हुरळू नकोस. एका दिवसात एसटीने जाऊन परत येता आलं पाहिजे — डोंगराआडच्या घराची विचारपूस दिवाळीपुरती. ही एक गोष्ट वहिनीला पटणार नाही, तिला हिरवळ आवडते. पण हटून बस.

११. नोंदणीचं प्रमाणपत्र मागून घे आणि त्यावरची मुदत वाच — २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार नोंदणीशिवाय अशी संस्था चालवताच येत नाही. जो हसून दाखवतो तो बरा, "एवढा अविश्वास?" असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पड.

१२. संस्थेची परवानगी कोणत्या वयापर्यंतची आहे ते त्याच कागदावर बघ — मुलांची म्हणून काढलेली कितीतरी घरं अठराव्या वर्षी दार दाखवतात आणि मग वाढलेल्या माणसाला घेऊन पुन्हा वणवण.

हे अठराचं दुखणं जुनं आहे. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस सापडलेली मतिमंद, मूकबधिर, अंध मुलं सांभाळली, त्यांना स्वतःचं आडनाव दिलं, आणि अठरा पूर्ण झाली म्हणून या मुलांना बाहेर काढायचं नाही, त्यांचं पुनर्वसन आजन्म हवं, यासाठी ते वर्षानुवर्षं भांडत राहिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्कार मिळाला याचा आनंद आहेच, पण त्यांच्या मागणीचा कायदा झाला असता तर जास्त झाला असता, असं माझं आपलं मत.

१३. आईबाबांची तब्येत धड आहे तोवरच दादाला आठ-पंधरा दिवस राहायला पाठवून बघ — बाबा दवाखान्यात आणि दादा परक्या पलंगावर, हे दोन्ही एकाच आठवड्यात नको.

१४. "पहिले दोन महिने भेटायला येऊ नका, त्याला रुळू दे," असं कुणी म्हणालं तर आठवडाभर ऐक, पुढे नाही — माणूस रुळतो तो ओळखीचा चेहरा मधूनमधून दिसला तर. दोन महिने दार बंद ठेवणाऱ्या घरात मी माझं मांजरही ठेवणार नाही.

आता कागद. यात रस कुणालाच नसतो, म्हणून पटकन आटोपते.

१५. दादाचं कायदेशीर पालकत्व आत्ताच करून घ्या — अठरा पूर्ण झाली त्या दिवशी आईबाबांचं कायद्यातलं पालकपण आपोआप संपलं, आणि हे बऱ्याच घरांच्या गावीही नसतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात.

१६. पालकत्व तुझ्या नावावर आलं की सहा महिन्यांत दादाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब — हिशेब ठेवलेली बहीण नातेवाइकांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकते.

१७. यूडीआयडी कार्ड, आधार, रक्तगट आणि औषधांची चिठ्ठी यांच्या प्रती एकाच फाईलमध्ये, एक फाईल संस्थेत आणि तशीच दुसरी तुझ्याकडे — रात्री अडीच वाजता कपाट उपसत बसायला लागू नये.

१८. राष्ट्रीय न्यासाचा निरामय विमा काढ आणि त्याचं नूतनीकरण तुझ्या मोबाईलच्या गजरात घाल — वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आधार मिळतो, ठरावीक मर्यादेत फिजिओचाही. पण तारीख चुकली की काहीच नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता यांपैकी काही असेल त्यांच्यासाठी तो आहे, म्हणजे दादा त्यात बसतो. त्याच न्यासाची 'समर्थ-कम-घरौंदा' नावाची योजना निवासासाठीच आहे, चौकशी करताना नाव घेऊन विचार.

१९. बाबांच्या पेन्शनच्या कागदांत दिव्यांग अपत्य म्हणून दादाचं नाव लागलंय का ते बाबांकडूनच तपासून घे — सरकारी नोकरीतल्यांच्या अशा मुलाला अटी बसल्या तर हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, आणि ते मागायला बाबा असताना सोपं, नसताना दहा हेलपाटे.

२०. भावनेच्या भरात फ्लॅट संस्थेच्या नावावर करू नका. महिन्याचं शुल्क महिन्याला द्या, देणगी द्यायची तर वेगळी पावती घ्या — दादाच्या नावाचं छप्पर विकल्यावर त्याला परत आणायचं कुठे?

चल, झाले कागद. आता दादा तिथे राहायला गेला असं समज. इथून पुढे नीट ऐक.

२१. त्याच्याबरोबर त्याची ओळख लिहून पाठव, दोन पानांत मावेल एवढी. भूक लागली तर काय करतो, "हो" कसं म्हणतो, चहा किती गार लागतो, दुखलं तर रडतो की कान ओढतो — तुझ्या आईला जे न सांगता कळतं ते मावशीला स्वप्नात पडणार नाही.

२२. त्याची उशी, त्याचा स्टीलचा पेला आणि भिंतीवर लावायला सगळ्यांचा एक फोटो, एवढं तरी त्याचं स्वतःचं हवं. कुलपाचं एक छोटं कपाट मिळालं तर किल्ली त्याच्या गळ्यात — हरवेल, माहीत आहे. दुसरी कर.

२३. रोजचे दोन निर्णय त्याला घेऊ देत का ते बघ. दोन शर्ट पुढे धरायचे, तो बघेल तो घालायचा, एवढं पुरे — ज्याला शर्ट निवडता येत नाही असं सगळ्यांनी ठरवलं, त्याला काहीच निवडता येत नाही असं लवकरच ठरतं.

२४. जेवण भरवताना एकदा तरी समोर बसून बघ.

यावर मी जरा बोलणार आहे. दादासारख्यांना घास गिळायला वेळ लागतो, आणि खरा धोका तिथे असतो. नीट भरवणारी मावशी आधी त्याची पाठ ताठ करते, कमरेमागे उशी सारते, स्वतः स्टूल ओढून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसते. हनुवटी किंचित खाली. चमचा छोटा, अर्धा भरलेला, आणि तो समोरून येतो. मग ती हात थांबवते. गळ्याची घाटी वर जाऊन खाली येते तिकडे तिचं लक्ष असतं. ती खाली आली की दुसरा चमचा. पातळ वरणाने ठसका लागत असेल तर ते भातात मुरवून घट्ट करते. जेवण झाल्यावर लगेच आडवं करत नाही, अर्धा तास तरी बसवून ठेवते, तोंड पुसून आत घास अडकलाय का बघते. असं एका माणसाला पाऊण तास लागतो. आता मावशी एक आणि भरवायची माणसं आठ असली तर काय होईल ते तूच हिशेब कर: ती उभी राहते, मान मागे जाते, मोठा चमचा, भराभर. अन्न श्वासनलिकेत उतरतं, त्यातून न्यूमोनिया होतो आणि सगळे म्हणतात हवा बदलली. म्हणून मावशीला दोष देण्याआधी एका मावशीमागे भरवायची माणसं किती ते विचार. चमचा मावशीचा, पण घाई ऑफिसची.

२५. पोट साफ होतं का याची वही ठेवतात का, विचार; लाजू नकोस — न बोलणाऱ्या माणसाचं पोट आठ-आठ दिवस अडून बसतं, आणि हट्टी झालाय, जेवत नाही, मारतो अशा तक्रारी येतात. हे जिवावर बेतू शकतं, आणि पाणी, पालेभाजी, थोडी हालचाल यांनी बहुतेक टळतं. काही ठिकाणी संध्याकाळनंतर पाणी कमी देतात, रात्री अंथरूण ओलं होऊ नये म्हणून. तसं कळलं तर त्याच दिवशी बोल.

२६. वागणं अचानक बदललं तर क्रमाने बघ: दात, कान, पोट, लघवी, ताप, आणि मग मन — वेड म्हणण्याआधी दाढ बघावी.

२७. दादा भेटीच्या वेळी सारखा पेंगत असेल, लाळ वाढली असेल, तर "शांत राहतो हल्ली" या वाक्यावर खूश होऊ नकोस. शांत राहण्याची गोळी कुणी लिहिली, कशासाठी, आणि पुन्हा कधी तपासणार, हे तीन प्रश्न विचार — ती गोळी कधीकधी खरंच लागते, पण मावशी कमी आहेत म्हणून ती द्यायची नसते.

२८. फिट आली की कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं सामान दूर, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. कांदा, चप्पल, हातात किल्ल्या, तोंडात चमचा, पाणी, यातलं काहीही नाही — कांद्याने फिट थांबत नाही, ती आपली आपण थांबते आणि श्रेय कांदा घेतो. चमच्याने मात्र दात पडतात.

२९. गणपतीला घरी आणशील तेव्हा फिटच्या गोळ्या मोजून, दोन दिवसांच्या जास्तीच्या घे — एसटी बंद पडते, पाऊस थांबत नाही, आणि एक वेळ चुकलेली गोळी सगळा सण दवाखान्यात नेते.

३०. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, आणि खुर्चीत बसणाऱ्यांनाही मधूनमधून उचलून टेकवावं लागतं — बेडसोअर एका रात्रीत सुरू होतो आणि भरायला महिने घेतो.

३१. व्हीलचेअर त्याच्या मापाची, त्याच्या नावाची. "आमच्याकडे चार आहेत, लागेल तशी वापरतो" हे ऐकून घेऊ नकोस — पाय लोंबकळले की पाठ वाकते आणि पाठ वाकली की घास अडकतो. सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं गं.

३२. खुर्चीचा पट्टा बसायला आधार म्हणून आहे की उठू नये म्हणून, ते विचारून लिहून घे — चालता येणाऱ्याला दुपारभर पट्टा लावलेला दिसला तर ते बांधणं आहे, त्याला दुसरं नाव नाही.

३३. शेजारच्या पलंगावर डाऊन सिंड्रोमचं कुणी असेल तर त्यांच्या घरच्यांच्या कानावर घाल: वर्षातून एकदा थायरॉइड तपासा, आणि चाळिशीत विसरायला लागलं तर डॉक्टरांना दाखवा — त्यांना अल्झायमर लवकर गाठतो आणि लोक म्हणतात आळशी झाला.

३४. भेटायला गेलीस की आधी मिठी मार, मग नखं कापून दे — त्या निमित्ताने तळहात, बगल, कानामागे, टाचा आणि माकडहाड सगळं नजरेखालून जातं. दादालाही ते आवडतं आणि कुणाला तपासणी वाटत नाही. मला विचारशील तर माझी सगळी विद्या या एका नेलकटरमध्ये आहे.

३५. "पडला" असं सांगितलं तर कधी, कुठे, सोबत कोण होतं, डॉक्टर काय म्हणाले, एवढं शांतपणे विचारून वहीत लिही — पडतातच माणसं, घरी काय पडत नव्हता? पण त्याच जागी तिसऱ्यांदा जखम दिसली तर ती पडण्याची उरत नाही.

आता त्या घरात येणाऱ्या इतर पाहुण्यांबद्दल. हे कुणी सांगत नाही.

३६. आपल्याकडे अशा घरांत लोक वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला जेवण घालायला येतात. भाव चांगला असतो, नावं ठेवू नयेत. पण आठवड्यात तीनदा जिलेबी-श्रीखंड झालं तर साखर कुणाची वाढते? संस्थेला सुचव की पाहुण्यांना फळं, साबण, डायपर, बेडशीट यांची यादी द्या — जिलेबीचं पुण्य त्यांचं, पोट आपलं.

३७. पाहुण्यांचे फोटो-व्हिडिओ दादाला विचारल्याशिवाय नकोत, आणि जेवताना, आंघोळीला जाताना तर मुळीच नकोत. पालक म्हणून तसं लिहून दे — एका केळ्याच्या मोबदल्यात कुणी आपला चेहरा गावभर वाटू देत नाही.

३८. कार्यशाळेत दादा पणत्या रंगवेल, कागदी पिशव्या चिकटवेल. त्या विकल्यावर त्याच्या हातात काय पडतं ते विचार आणि जे पडेल ते त्याचं त्याला खर्चू दे — दहा रुपये स्वतः देऊन टपरीवर प्यायलेला चहा त्याला किती चढतो ते एकदा बघच.

३९. मावशीशी बोलताना तिच्या नावाने बोल, दादाबद्दल तिचं मत आधी विचार, आणि द्यायचं तर सगळ्या मावशींना सारखं दे — एकीलाच साडी नेलीस तर दादाची बाजू घेणारी एक आणि डूख धरणाऱ्या चार.

४०. तक्रार करायची तर रहिवाशांसमोर आवाज चढवू नकोस. ऑफिसात बसून, कागदावर, आधी चांगलं काय ते लिहून मग खटकलेलं लिही आणि पोच घे — तोंडी तक्रार चहाबरोबर गिळली जाते. आणि बहुतेकदा सांगितलं की सुधारतात, गं. वाईट माणसं थोडी, दमलेली फार.

४१. पण मारहाण, उपासमार, अंगचटी यांतलं काही दिसलं तर कागद-पोच-चहा काही नाही. सरळ पोलीस, आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी — सांभाळायची जबाबदारी असताना मुद्दाम अन्नपाणी न देणं हासुद्धा २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड. "संस्थेचं नाव जाईल, आपसात मिटवू" म्हणणारे खूप भेटतील. शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या मतिमंद मुलांच्या गृहातली उपासमार २०१० मध्ये वर्तमानपत्रात आली तेव्हा उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. बातमी येईपर्यंत तिथे आत कोण जात होतं, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

४२. तिथल्या बाकीच्या पालकांचे फोन नंबर घे आणि पालकसभा चुकवू नकोस — एकट्याची कुरकुर, दहांची सूचना. बदलापूरचं 'आधार', डोंबिवलीजवळ खोणीचं 'घरकुल' ही घरं अशाच पालकांनी एकत्र येऊन उभी केली. आमच्यामागे कोण, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या उशीत रडून सोडवला असता तर एकही वीट लागली नसती.

४३. भाऊबीजेला जा, पण भाऊबीजेलाच जाऊ नकोस. कधी मंगळवारी, कधी पावसात, कधी रिकाम्या हाताने — ठरलेल्या दिवसाची तयारी होते, न ठरलेल्या दिवसाचा धाक राहतो. ज्या घराला कधीही पाहुणा, त्या घराला रोज केरसुणी.

४४. दादाला भेटून झाल्यावर, ज्याला भेटायला कुणीच येत नाही अशा एकाजवळ पाच मिनिटं बस आणि त्याचंही नाव घेऊन मावशीला विचार, याचं कसं चाललंय — ज्याची विचारपूस होत नाही त्याचं ताट सगळ्यात शेवटी येतं, आणि ते तसं यायला लागलं की उद्या दादाचंही येतं.

४५. "संस्थेत टाकलं" असं म्हणणारे नातेवाईक निघतील. त्यांना म्हणावं, पुढच्या रविवारी चला माझ्याबरोबर भेटायला — नव्वद टक्के तिथेच गप्प होतात, आणि जे खरंच येतात ते दादाचे होतात.

४६. वहिनीला मात्र यातलं काही ऐकवू नकोस, तिला फक्त बरोबर ने आणि पहिल्या काही वेळा दादाच्या पलंगावर बसून निवांत रडू दे — पस्तीस वर्षं त्या बाईने एक रात्र सलग झोप काढलेली नाही. ती दमली म्हणून दादा तिथे गेला, तिचं प्रेम आटलं म्हणून नाही, हे तिला कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं. मी सांगीनच, पण तूही सांग.

४७. आणि तुझ्यानंतर कोण, हे आत्ताच ठरव. आमच्याकडे आधी आई यायची, मग बहीण, मग कुणी नाही, असं मी फार पाहिलंय — बहिणीचे गुडघे धरतात, लेक परदेशी जाते, आणि साठीच्या रहिवाशाला ओळखणारं घरचं एकही माणूस उरत नाही. म्हणून पुढच्या वेळी तुझ्या लेकीलाही घेऊन जा. मोबाईल बाजूला ठेवायला सांग, मामाशेजारी बसव, त्याचा "हो" कसा असतो तो तिला ओळखू दे, अर्धा चमचा भरून थांबायचं कसं ते मावशीकडून शिकू दे. पालकत्वाच्या कागदांवर पुढे तिचं नाव लागायचं असेल तर तिला विचारायला लाजू नकोस. पण आधी मामाची ओळख होऊ दे, सही नंतर.